अनोळखी सायकलस्वाराच्या मागे चाक लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी पहाटे निगडीहून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याला लागलं की सोमाटणे फाट्यापर्यंत दहा-वीस सायकली तरी भेटतात. त्यातला एखादा नेमका आपल्याच वेगाने चाललेला असतो, समोरून वारा असतो, आणि आपलं पुढचं चाक हळूहळू त्याच्या मागच्या चाकाकडे सरकायला लागतं. तिथून पुढे काय करावं, याबद्दल लोकांनी मला विचारलेले प्रश्न (काहींनी चहा पिताना, काहींनी भांडताना) इथे एकत्र केले आहेत. मी पुण्याचा, त्यामुळे रस्ते बहुतेक पुण्याकडचे येतील. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवाल्यांनी आणि नाशिककरांनी आपापले फाटे घालून वाचावं.

ड्राफ्टिंग म्हणजे नक्की काय?

समोरच्या सायकलच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला राहून चालवणं. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेलात की तुमचा बहुतेक जोर हवा बाजूला सारण्यातच खर्च होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणून २० वरून २५ वर जाणं जमून जातं आणि २५ वरून ३० वर जाताना जीभ बाहेर येते. समोरच्याच्या मागे नीट बसलात तर पाव ते एक तृतीयांश जोर वाचतो. खरं वाटत नसेल तर समोरचा पाणी प्यायला बाजूला झाला की काय होतं ते बघा. छातीवर कोणीतरी हात ठेवून मागे ढकलल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे याला ‘व्हील पकडणं’, ‘मागे बसणं’, ‘ड्राफ्ट घेणं’ असं काहीही म्हणतात. ‘मागे बसू का?’ असं जुन्या माणसाला विचारलंत तर तो आधी आपल्या कॅरियरकडे बघतो, एवढं लक्षात ठेवा.

मग त्यात चूक काय? वारा काही त्याच्या मालकीचा नाही.

नाहीच. आणि तुमच्या मागे असण्याने त्याचा वेगही कमी होत नाही. उलट त्याच्या पाठीमागे हवेची जी पोकळी तयार होते ती तुम्ही थोडी भरून काढता, त्यामुळे त्यालाही अगदी किंचित फायदाच होतो. ‘फुकटात माझी मेहनत खातोय’ ही तक्रार विज्ञानाला धरून नाही.

अडचण दुसरीच आहे. मागे चिकटल्यावर तुम्हाला रस्ता दिसत नाही, त्याची पाठ दिसते. रस्ता बघायचं काम तुम्ही त्याच्यावर टाकलेलं असतं आणि त्याला ते माहीतच नसतं. एकटा चालवणारा माणूस खड्डा आला की शेवटच्या क्षणी चाक वळवतो, कुत्रं आडवं आलं की ब्रेक दाबतो, मधेच पाय थांबवून पाठ ताणतो, रसवंती दिसली की वळतो. तो त्याचा हक्कच आहे. पण मागे हातभर अंतरावर तुम्ही असाल तर यातली प्रत्येक गोष्ट अपघात होऊ शकते.

हे मी शिकलो ते कामशेतच्या अलीकडे. समोर साठीचे एक काका, जुनी स्टीलची रोड बाईक, पिंडऱ्या अशा की बघत राहावं. वडगावपासून मी त्यांच्या मागे होतो, एक शब्द न बोलता. वीस मिनिटं मजेत गेली. मग रस्त्याच्या कडेला डांबर उखडलेलं होतं, तिथून त्यांनी सायकल उजवीकडे घेतली. झटका नव्हता, सहज घेतली. माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाच्या बाजूने थोडं आत गेलेलं होतं. ‘टर्र’ असा आवाज आला आणि मी डाव्या कोपरावर. काका पन्नास पावलं पुढे जाऊन थांबले, परत आले, माझी सायकल आधी रस्त्यातून बाजूला घेतली आणि मग मला उठवलं. बाटलीतलं पाणी कोपरावर ओतताना एकच वाक्य बोलले : “अरे, मागे आहेस हे सांगायचं तरी. मी हात केला असता.”

या पानावरचं जवळजवळ सगळं त्या वाक्यातूनच आलंय.

सांगायचं कसं? ओरडलं तर दचकतात.

दचकतात, बरोबर आहे. म्हणून मागून ओरडू नका. उजव्या बाजूने, हात लांब करूनही लागणार नाही इतकं अंतर ठेवून त्यांच्या बरोबरीला या. मागून गाडी येत नाही हे आधी बघा. मग नेहमीच्या आवाजात बोला. “नमस्कार काका, लोणावळ्यापर्यंत का? थोडा वेळ तुमच्या मागे आलो तर चालेल?” समवयस्क असेल तर “दादा, जरा व्हील पकडू का? वारा फार आहे.” बस्स. पंढरपूरच्या सायकलवारीला जाणाऱ्यांचं त्या मानाने सोपं असतं. ‘माउली’ म्हटलं की पुढचं अर्धं वाक्य आपोआप समजतं.

विचारताना किती वेळ आणि कुठपर्यंत, हेही सांगितलं तर बरं. ‘तळेगावपर्यंत’ म्हटलं की समोरच्यालाही जरा मोकळं वाटतं. नाहीतर हा गृहस्थ आता घरापर्यंत येतो की काय, असं त्याला वाटत राहतं.

त्याने काहीच उत्तर दिलं नाही तर?

तर ते ‘नाही’ समजा. कानात इअरफोन असेल तर नक्कीच ‘नाही’ समजा, कारण ज्याला तुम्ही मागे आहात हे ऐकूच जात नाही त्याच्या मागे चिकटण्यात काही अर्थ नाही. स्पष्ट नकार दिला तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. काही लोकांना मागे कोणी असलं की मानेवर डोळे रोखल्यासारखं वाटतं, काहींना आठवडाभर माणसं झेलून झालेली असतात आणि हे दोन तास एकट्याने हवे असतात. “बरं दादा, सावकाश” म्हणायचं आणि एकतर पुढे निघून जायचं, नाहीतर मागे राहायचं.

किती अंतर ठेवायचं?

ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त. समोरच्याने ब्रेक लावलेला दिसून तुमची बोटं लिव्हरवर जाईपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात तुम्ही चार मीटर सरकलेले असता. टीव्हीवर टूर द फ्रान्समध्ये चाकाला चाक लावून शे-दीडशे जण जाताना दिसतात, पण त्यांच्यासाठी रस्ता बंद केलेला असतो, पुढे मोटरसायकली धावत असतात आणि ती माणसं रोज हेच करतात.

ओळख नसेल, विचारलेलं नसेल तर तीन सायकली मावतील इतकं, म्हणजे पाच मीटरच्या आसपास अंतर. एवढ्यावरही थोडा आडोसा मिळतो, शिवाय रस्ता दिसतो. विचारून ‘हो’ मिळालं असेल तर एका सायकलच्या लांबीपर्यंत या. त्याहून जवळ जाण्यासाठी त्या माणसाबरोबर निदान काही तास चालवलेलं असावं, तो कधी ब्रेक लावतो, उभं राहून पेडल मारताना त्याची सायकल मागे येते का, हे माहीत असावं. ही शेवटची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चढावर सीटवरून उठताना बहुतेकांची सायकल क्षणभर मागे सरकल्यासारखी होते, आणि मागचा नेमका त्याच वेळी जोर लावत असतो.

आणि नजर मागच्या चाकावर खिळवू नका. समोरच्याच्या खांद्यावरून किंवा काखेतून पुढे बघायचं, चाक डोळ्याच्या खालच्या कडेला दिसत राहतं.

चाकाला चाक लागलं तर पुढचा पडतो की मागचा?

बहुतेक वेळा मागचा. सायकल तोल सांभाळते ती पुढचं चाक सतत बारीक-बारीक वळवून. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला बाजूने टेकलं की ते वळवता येत नाही, आणि तोल गेलाच. समोरच्याचं मागचं चाक वळायचं नसतंच, त्याला फक्त आवाज येतो. म्हणून तुमचं चाक त्याच्या चाकाच्या शेजारी, आत कधीच जाऊ द्यायचं नाही. मागे म्हणजे पूर्ण मागे.

वारा बाजूने असेल तेव्हा हे सांभाळणं अवघड होतं. आडोसा बरोबर मागे नसतो, तिरका असतो, आणि आपण नकळत तिकडे सरकत जातो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिथे हे दर पाच मिनिटांनी होतं. अशा ठिकाणी आडोशाचा नाद सोडलेला बरा. तिरकी रांग करायला रस्त्याची रुंदी लागते आणि ती एसटीला हवी असते.

कुठे अजिबात चिकटायचं नाही?

घाट उतरताना. कात्रज, बोपदेव, खंबाटकी, कुठलाही. ताशी ५० ला समोरच्याला काय दिसलं हे तुम्हाला कळेपर्यंत तुम्ही त्याच्या अंगावर असता.

घाट चढताना चिकटण्यात धोका कमी, पण फायदाही नाही. दहा-बाराच्या वेगाला वारा काय तोडणार? तिथे जवळ राहण्याचं कारण फक्त गप्पा किंवा ईर्ष्या. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्या ‘घाटाचा राजा’ची कहाणी ऐकून बोरघाटात अनोळखी माणसाच्या मागे धापा टाकणारे मी पाहिलेत. त्या माणसाला बिचाऱ्याला आपण शर्यतीत आहोत हे माहीतच नसतं.

पावसात. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासून थांबवणारे) ओले झाले की ते पकडायला चाकाचा एखादा फेरा जातो. शिवाय समोरच्याच्या चाकाला मडगार्ड नसेल तर रस्त्यावरचं सगळं, शेणासकट, तुमच्या तोंडात. जुलैत मावळात एकदा हे झालं की माणूस आपोआप दहा मीटर लांब राहतो.

गावातून जाताना, बाजाराच्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी, न रंगवलेले स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यावर (म्हणजे बहुतेक रस्त्यांवर), आणि जिथे पावसाच्या पाण्याच्या लोखंडी जाळ्या रस्त्याला समांतर बसवल्यात तिथे. आणि अंधारात.

समोर बाई एकटी चालवत असेल तर?

तर चिकटू नका. याला विचारून वगैरे अपवाद नाही, निदान पहिल्या भेटीत नाही.

हे ऐकून पुरुषांना राग येतो. ‘मी काय तसा आहे का?’ नसाल. पण पहाटे साडेपाचला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मागून एक दिवा येतो, पुढेही जात नाही आणि मागेही पडत नाही, तेव्हा ‘हा तसा नाही’ हे तिला कशावरून कळावं? माझी मावसबहीण पाषाण–सूस बाजूला चालवते. तिची पद्धत ती सांगते : असं कोणी मागे लागलं की ती टपरीशी थांबून शूजची लेस बांधल्यासारखं करते. जो निघून गेला तो सायकलवाला. जो पुढे जाऊन पाणी प्यायला थांबला त्याच्यासाठी ती फोन काढून मोठ्याने बोलते, “हो, पोचलेच, समोरच आहे.” फोनवर कोणीही नसतं. तिच्या सायकलच्या क्लीट शूजना (पेडलला अडकणाऱ्या बुटांना) लेस नाहीत, डायल आहे, हे आजवर एकाच्याही लक्षात आलेलं नाही, असंही ती सांगते.

तेव्हा वेग जास्त असेल तर रुंद अंतर ठेवून, “ताई, उजवीकडून जातोय” म्हणून जा आणि खरंच जा. वेग तेवढाच असेल तर दोन मिनिटं थांबा, पाणी प्या, ती दिसेनाशी होऊ द्या. ‘रोज येता का?’, ‘छान चालवता हं’, ‘स्ट्रावावर (राइड नोंदवायच्या ॲपवर) आहात का?’ यातलं काही नको. तिने आपणहून “या मागे, वारा आहे” म्हटलं तर मग वरचे सगळे नियम लागू.

दूधवाले, पेपरवाले, कामावर जाणारे, शाळेतल्या मुली?

रस्त्यावरचे खरे सायकलवाले हेच. आपण रविवारचे. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेल्या गवळ्याचा तोल वेगळा असतो, त्याचे सळईचे ब्रेक सावकाश लागतात, आणि तो गिऱ्हाइकाच्या दारात कुठेही वळतो. त्याच्या मागे चिकटून तुमचा काही फायदा नाही, त्याला मात्र घट्ट लायक्राच्या कपड्यांतला माणूस मागे का लागलाय याची काळजी. कामगाराला पाळी गाठायची असते.

शाळेच्या मुली तिघी-तिघी शेजारी चालवतात, गप्पा रंगात आलेल्या असतात आणि दप्तर हँडलला लटकलेलं असतं. लांबूनच घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, पूर्ण रस्ता सोडून जायचं. महागड्या सायकलची घंटी वजन वाचवायला काढून टाकली असेल तर तोंडाने ‘ट्रिंग ट्रिंग’ म्हणा. मी म्हणतो. हसतात, पण बाजूला होतात.

गावातला एक मुलगा साध्या सायकलवर माझ्याच मागे लागतो. त्याला काय सांगू?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. प्रत्येक रस्त्यावर हा मुलगा असतो. विनागिअरची सायकल, सीट खाली गेलेली, गुडघे बाहेर, आणि ब्रेक म्हणजे मागच्या टायरवर घासलेली चप्पल. तो तुमच्या मागे २८ ला येतो, आणि हसत येतो. तुमच्या लाखाच्या सायकलचा यापेक्षा खरा हिशोब कोणी मांडणार नाही.

वेग वाढवून त्याला तोडायला जाऊ नका. तो सोडणार नाही, आणि त्याच्याकडे हेल्मेट नाही, ब्रेक नाही. वेग कमी करा, त्याला शेजारी, डावीकडे घ्या. नाव विचारा, शाळा विचारा. डावा हात खाली केला की खड्डा, तळहात मागे दाखवला की थांबतोय, एवढं शिकवा. गावाची वेस आली की तो बहुतेक वेळा स्वतःच हात करून वळतो.

कोणीतरी माझ्या मागे न विचारता चिकटलंय. काय करू?

आधी वळून बघा आणि बोला. “मागे आहात का? मी एकटा चालवतोय, अचानक थांबेन.” निम्मे लोक ओशाळून अंतर वाढवतात. नको असेल तर उजव्या कोपराने ‘पुढे जा’ अशी खूण करा, पेडल हळूहळू थांबवा, सायकल संथ होऊ द्या. तरी जात नसेल तर कडेला थांबून केळं खा.

ब्रेक दाबून धडा शिकवायचा नाही. तो पडेल हे खरं, पण कदाचित मागून येणाऱ्या टेम्पोखाली पडेल. खड्ड्यावरून मुद्दाम नेणं हाही त्याच जातीचा प्रकार. आमच्यातल्या एकाने केलं होतं, आणि नंतर त्यालाच त्या माणसाला रिक्षात घालून टाके घालायला न्यावं लागलं.

मी मागे बसलो, तर पुढे जाऊन ओढायलाही हवं का?

हवं, जमत असेल तर. पाच-दहा मिनिटं आडोसा घेतलात की विचारा, “मी येऊ पुढे?” आणि पुढे गेलात तर त्याच वेगाने चालवा. पुढे येताच जोम चढून वेग तीनने वाढवणं ही आपल्याकडची आवडती चूक आहे. ज्याने तुम्हाला वीस मिनिटं ओढलं तोच मग मागे सुटतो. याच्या उलट प्रकार म्हणजे ओव्हरटेक करायचं आणि समोर येऊन ढिलं पडायचं. हे कोणी करू नये. मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घालतो.

अंगात ताकद नसेल तर तसं सांगा. “काका, मला पुढे नाही जमणार, पायातलं संपलंय.” कोणी नाही म्हणत नाही. उरुळीपासून हडपसरपर्यंत मला एका अनोळखी दादांनी असंच आणलं होतं, आणि अर्ध्या रस्त्यात खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढून मागे हात केला होता.

पुढे असताना तुमची जबाबदारी : हाताने खड्डे दाखवा, “ब्रेकर!”, “खडी!”, “कुत्रं!” असं ओरडा, पेडल एकदम थांबवू नका, दोन्ही हात सोडून जर्सी काढायला जाऊ नका. उभ्या गाडीला वळसा घालायचा असेल तर आधीपासून हळूहळू सरका. अगदी टोकाशी जाऊन वळलात तर मागच्याला गाडीचा मागचा दिवाच आधी दिसतो.

थुंकणं, नाक शिंकरणं?

तुम्ही पुढे असाल तर मागे बघा, बाजूला व्हा, खाली वाका, मग काय ते करा. तुम्ही मागे असाल आणि विचारलेलं नसेल तर जे अंगावर येईल ते प्रसाद म्हणून घ्या. तंबाखूवाल्याच्या मागे चाक लावण्याबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी.

टेम्पोच्या किंवा उसाच्या ट्रॉलीच्या मागे?

नाही. ट्रॉलीची साखळी धरून जाणं कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेकांनी शाळेत केलंय, सुदैवाने वाचलेले त्याच्या गोष्टी सांगतात. टेम्पोच्या मागे आडोसा जबरदस्त मिळतो, हे खरंय. पण मागून त्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला त्याच्या फाळक्यापलीकडचं काही दिसत नाही, त्याचे ब्रेक तुमच्यापेक्षा चांगले आहेत आणि ट्रॉलीतून ऊस पडतो. ट्रॉलीला मागे दिवे नसतात ते वेगळंच.

दिव्यांचं काय?

मागे कोणी असेल तर मागचा लाल दिवा लुकलुकणारा नको, स्थिर आणि मंद ठेवा. अर्धा तास डोळ्यांत लाल ठिणग्या उडाल्या की मागच्याला खड्डा काय, काहीच दिसत नाही. तुम्ही मागे असाल तर पुढचा दिवा जमिनीकडे वळवा, नाहीतर समोरच्याला स्वतःची लांबलचक सावली रस्त्यावर नाचताना दिसते आणि खड्डा त्या सावलीत लपतो.

बीआरएममध्ये आणि स्पर्धांत चालतं ना?

ज्याचे त्याचे नियम. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, ती शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, आणि सहभागी सायकलस्वार एकमेकांच्या मागे राहू शकतात, पण ओळखीच्या माणसाची गाडी पुढे ठेवून तिच्या आडोशाने जाता येत नाही. ६०० च्या बीआरएममध्ये रात्री तीनला अनोळखी माणसाच्या लाल दिव्यामागे चालवणं हा बऱ्याचदा वेगाचा प्रश्न नसतोच, झोप लागू नये म्हणून सोबत हवी असते. तिथेही “मागे आहे हं” म्हणायला काही पडत नाही.

गोव्यात आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं-सायकल-धावणं अशी स्पर्धा होते, तिथे हौशी गटाला ड्राफ्टिंगला बंदी आहे. पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर, आत शिरलात तर २५ सेकंदांत ओव्हरटेक पूर्ण करायचं, नाहीतर पाच मिनिटं तंबूत बसायचं. तिथे ‘काका, चालेल का?’ विचारून उपयोग नाही, काका हो म्हणाले तरी पंच म्हणत नाहीत.

एखाद्या क्लबच्या रांगेच्या शेवटी जाऊन लागलं तर? एवढ्या लोकांत एक मी.

शेवटच्या माणसाला विचारा, तो पुढे आवाज देईल. रांगेत खुणा पुढून मागे येतात आणि ‘गाडी!’ हा आवाज मागून पुढे जातो. शेवटच्याला वाटत असतं की मागून गाडी येतेय हे सांगायचं काम आपलं. तुम्ही गुपचूप त्याच्या मागे लागलात तर ते काम आता तुमचं झालेलं असतं आणि तुम्ही मात्र वाऱ्याची मजा घेत असता. आणि ‘मीही क्लबातलाच’ असं दाखवत मधल्या फटीत घुसू नका. तिथे कोणाची तरी जागा असते, तो चेन बसवायला थांबलेला असतो आणि धापा टाकत परत येत असतो.

न विचारता मागे होतो, माझ्यामुळे कोणी पडलं. आता?

आधी मागून येणाऱ्या गाड्यांना हात, मग सायकल बाजूला, आणि माणूस स्वतः उठू शकत असेल तर तोही. डोक्याला लागलं असेल, मान दुखत असेल तर उठवू-बसवू नका, १०८ ला फोन करा. हेल्मेट तडकलं असेल तर ‘काही नाही झालं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, घरच्या माणसाला फोन लावून द्या. चूक कोणाची हा वाद नंतर. मागच्याची असते, वाद घालायला फारसं काही नसतंच. मागचा गिअर हँगर (गिअर ज्याला अडकवलेला असतो तो तुकडा) वाकलाय का, चाकाची तार तुटलीय का हे बघा, आणि खर्च आपणहून विचारा. कामशेतच्या त्या काकांनी फक्त त्यांच्या चाकाला माझ्या टायरचा काळा पट्टा उमटला होता तो रुमालाने पुसला आणि मला पुढच्या टपरीपर्यंत सोबत केली.

टपरीवर थांबलो तर चहाचे पैसे कोणी द्यायचे?

जो मागे होता त्याने. वडापाव घेतला तर त्याचेही.